पागोळीचं पाणी कुणाचं?

जुन्या वाड्यांची वाटणीपत्रं कधी वाचायला मिळाली तर जरूर वाचावीत. भावाभावांनी ओसरी वाटून घेतलेली असते, आड सामाईक ठेवलेला असतो, जाण्यायेण्याची वाट लिहिलेली असते आणि मधेच कुठंतरी पागोळीचा उल्लेख येतो. माझ्या छपरावरून गळणारं पावसाचं पाणी कुठं पडेल, कुणाच्या हद्दीतून पुढं जाईल, याचा तो करार. घर जसं आपलं, तसं त्या घरावर पडणारं पाणीही आपलं, आणि त्याची जबाबदारीही आपली, असं ते कागद सांगतात. आजच्या खरेदीखतात गाडी लावायच्या जागेचा हिशेब असतो. पागोळी मात्र गेली. पाणी काही गेलेलं नाही, ते आजही पडतंच.

मी कवी माणूस. बी.ए.पर्यंत शिकलेला, इंजिनिअर नव्हे. पण टेंभुर्णीत राहणाऱ्या माणसाला पाण्याचा विचार टाळून चालत नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरचं हे आमचं गाव. इथून एक वाट अकलूजकडं जाते, एक करमाळ्याकडं, एक कुर्डुवाडीकडं. जवळच भीमेवर उजनीचं धरण आहे. १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, १९८० मध्ये ते पुरं झालं. ११७ टीएमसी पाणी साठवणारा हा यशवंतसागर. एवढं पाणी उशाशी असूनही या टापूनं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, आणि त्याच टापूत सप्टेंबरच्या एखाद्या रात्री सखल वस्तीतल्या बाया घमेल्यानं घरातलं पाणी बाहेर फेकत बसतात. मार्चमध्ये पाणी नाही आणि सप्टेंबरमध्ये पाणी नको, हे कसं झालं? त्याचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा तो आपल्याच जिल्ह्यात सापडला.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, म्हणजे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या सुमाराला. हा पाऊस कोकणासारखा संथ, दिवसचे दिवस पडणारा नव्हे. तो महिनाभर तोंड फिरवतो आणि मग एका संध्याकाळी सगळं उसनं फेडून टाकतो. इथं ज्यांनी गावं वसवली त्यांना हे ठाऊक होतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळं बांधून घेतलं. आज देऊळ त्या पाण्यात उभं दिसतं आणि शेजारी भुईकोट किल्ला आहे. भक्ती आणि पाणीसाठा या वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्या काळी कुणाला वाटत नव्हतं.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं गेलं की नळदुर्ग लागतो. तिथं इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर भिंत बांधून पाणी अडवलं आणि त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल बांधला. लोक तिथं नर-मादी धबधबा बघायला जातात. पाणी खाली कोसळत असताना आतल्या सज्जात बसलेला माणूस कोरडा राहतो, याचं सगळ्यांना नवल वाटतं. मला नवल वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. ते धबधबे म्हणजे मुळात सांडवे आहेत. धरण भरल्यावर जास्तीचं पाणी कुठून जायचं, हे बांधणाऱ्यानं आधी ठरवलं, आणि मग ती जागा देखणी केली. पाणी अडवायचं, पण त्याला वाट ठेवायची. आजच्या कुठल्याही अभियंत्याला यापेक्षा वेगळं काही शिकवायचं नसतं.

मग गावातलं पाणी गावाबाहेर घालवण्याची घाई कधी सुरू झाली? तिचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आहे. लंडन आणि तिथली गिरणगावं पटकीनं हैराण होती. एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये कष्टकरी वस्त्यांच्या आरोग्यावर अहवाल लिहिला आणि १८४८ मध्ये तिथं सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला. घाण साचू द्यायची नाही, वाहत्या पाण्याबरोबर ती लवकरात लवकर वस्तीबाहेर न्यायची, हे त्यामागचं सूत्र. हे सूत्र चुकीचं नव्हतं, त्यानं लाखो जीव वाचवले. आपल्याकडंही पटकीनं वाऱ्या उजाड केल्याच्या आठवणी पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांनी पिढ्यान् पिढ्या जपल्या. त्यामुळं नगरपालिका आल्या, गटारं आली, ते योग्यच झालं. फक्त एक गल्लत झाली. मैल्यासाठी जो नियम होता तोच पावसालाही लागला. आभाळातून स्वच्छ पडलेलं पाणीही घाण समजून आपण गटाराच्या वाटेला लावलं. गटार तुंबलं की तेच पाणी खरोखर घाण होऊन उंबऱ्यात परत येतं.

याच काळात कायद्याचीही भर पडली. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात एक उदाहरण दिलेलं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरावीक पाटातून न वाहणारं पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीवर जाऊ द्यावं, हा वरच्या मालकाचा हक्क आहे, असा त्याचा आशय. शेतावर हे बरोबरच आहे, पाणी उताराकडं जाणार. पण त्यातल्या ‘नैसर्गिकरीत्या’ या शब्दापाशी मी थांबतो. वरच्या आळीत आज प्रत्येक अंगणात फरशी आहे, प्रत्येक गच्चीला चार इंची पाइप आहे आणि त्या सगळ्यांची तोंडं रस्त्यावर उघडतात. मातीच्या अंगणात जे पाणी सावकाश मुरलं असतं, ते दहा मिनिटांत खालच्या आळीत पोचतं. त्यात दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावर सिमेंटचा नवा थर पडतो. रस्ता वर जातो, घरं खाली जातात. ज्याच्याकडं पैसा आहे तो जोतं उंच करून घेतो. ज्याच्याकडं नाही, तो उंबऱ्यावर विटांचा बांध घालतो आणि रात्र जागून काढतो. यात निसर्गाचा वाटा किती आणि आपला किती?

आता शेताकडं वळू, कारण आपल्या जिल्ह्यानं जे मोठं काम केलं ते शेतात. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. तलावांची खोदाई हे त्या काळचं दुष्काळी काम. त्याआधीच, १८७१ मध्ये, सोलापूरजवळ एकरुखचा, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव पुरा झाला होता. पण सरकारची नजर मोठ्या तलावांवर आणि कालव्यांवर होती. जिथं पाऊस पडतो तिथंच, ज्याच्या त्याच्या रानात तो मुरवावा, हे जोरकसपणे मांडलं महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८३ मधल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सुचवलं की, सरकारनं आपल्या शिपायांकडून जागोजाग ताली आणि बंधारे अशा बेतानं घालून घ्यावेत, की पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीनाल्याला मिळेल. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा भिंतींवर रंगवली जाण्याच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट.

फुल्यांनंतर पन्नास वर्षांनी, १९३३ मध्ये, सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झालं. शेतीविषयक रॉयल कमिशनच्या १९२८ च्या अहवालानंतर केंद्रीय कृषी संशोधन परिषद स्थापन झाली होती. तिच्या मदतीनं देशात जी पाच कोरडवाहू केंद्रं निघाली, त्यांत सोलापूर होतं. बाकीची विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक. इथं एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी वाहून जाणारं पाणी मोजलं. जमिनीचे छोटे तुकडे आखायचे, त्यांना कड घालायची, खालच्या बाजूला टाकी ठेवायची. पाऊस पडून गेला की टाकीत किती पाणी आलं आणि त्याबरोबर किती माती आली, हे तपासायचं. तण असलेला तुकडा, नांगरलेला तुकडा, पीक असलेला तुकडा, सगळे वेगळे. देशातल्या अशा पहिल्या मोजमापांमध्ये सोलापूरची गणना होते.

त्यातून कोरडवाहू शेतीची ‘मुंबई पद्धत’ तयार झाली. समतल बांध घाला, काही वर्षांनी एकदा खोल नांगरट करा, पावसाआधी आणि पावसात पुन्हापुन्हा कुळवा, बी विरळ पेरा. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीला सरकारी बळ मिळालं. पुढं १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली तशीच नालाबंडिंगची आणि पाझर तलावांची कामंही केली. आपली रब्बीची ज्वारी काय आहे? सप्टेंबरात जमिनीनं जे पाणी पिऊन ठेवलं, त्या ओलीवर थंडीत उभं राहणारं पीक. पाऊस जमिनीच्या पोटात साठवायचा ही विद्या या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको होती.

पण ही विद्या शेताच्या बांधावरच थांबली. शेतकरी रानात बांध घालत होता आणि तोच माणूस गावात घर बांधताना अंगणभर कोबा करत होता. रानातलं पाणी लक्ष्मी, गावातलं पाणी कटकट.

तरी जुन्या घरांत तिचा एक धागा होता. आमच्या दादीच्या परसात मोरीच्या तोंडाशी एक खड्डा असे. त्यात अळू, कर्दळ आणि केळीचं एक बेट. पावसाळ्यात पन्हळीचं पाणीही तिकडंच वळवलेलं. चिखल दिसत नसे, वास येत नसे, शेजाऱ्याशी भांडण होत नसे. महाराष्ट्रात कुठल्याही आळीत, कुठल्याही जातीधर्माच्या घरी, परसात हे असंच असायचं. त्याला कुणी योजना म्हणत नव्हतं.

हीच गोष्ट १९९० मध्ये अमेरिकेत नव्या नावानं जन्माला आली. मेरीलँड राज्यात प्रिन्स जॉर्जेस काउंटी म्हणून जिल्हा आहे. तिथं घरांची नवी वसाहत उभी राहत होती. पावसाच्या पाण्यासाठी मोठा तलाव आणि पाइप घालण्याऐवजी प्रत्येक घरामागं तीन-चारशे चौरस फुटांची एक खोलगट बाग करायची, छपराचं आणि रस्त्याचं पाणी तिच्यात सोडायचं, अशी कल्पना निघाली. तिला ‘रेन गार्डन’ म्हणू लागले. आपण पाऊसबाग म्हणू. पाइप आणि गटारांना जिथं जवळपास चार लाख डॉलर लागले असते, तिथं हे काम सुमारे एक लाखात झालं, अशी त्या वसाहतीची नोंद आहे. पुढं चीननं २०१३ नंतर ‘स्पंज शहरां’चा कार्यक्रम हाती घेतला. शहर स्पंजासारखं पाणी शोषून घेईल, मग हळूहळू सोडेल, ही त्यामागची कल्पना.

पाऊसबाग करायची कशी? आपल्या गावच्या मापानं हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. वीस मिलिमीटरची एक चांगली सर आली की त्यावरून अठराशे लिटरपेक्षा जास्त पाणी उतरतं. आता दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ इंच खोल असा खड्डा घ्या. त्यात जवळपास तेवढंच, एकोणीसशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे छपराच्या दहाव्या हिश्शाची बाग ती सर पुरती पिऊन टाकते. साडेपाचशे मिलिमीटरच्या वर्षात त्या एका छपरावर पडणारं पाणी होतं पन्नास हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पाच टँकर. उन्हाळ्यात ज्याची वाट पाहायची, ते पावसाळ्यात आपण नालीत सोडतो.

जागा निवडताना मात्र आपल्या मातीचा स्वभाव ओळखायला हवा. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून हा खड्डा पायापासून निदान दहा फूट लांब हवा, नाहीतर भिंतीला तडे जातील. काळ्या मातीत पाणी लवकर उतरत नाही. त्यासाठी दोन फूट माती काढून तिथं वाळू, बारीक मुरूम आणि शेणखत यांचं मिश्रण भरावं लागतं. खाली मुरूम लागला तर उत्तमच. परीक्षा सोपी आहे. एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरतं ते काडीनं मोजा. तासाला अर्धा इंच उतरलं तरी आठ इंच पाणी सोळा तासांत जिरतं. दोन दिवसांपलीकडं पाणी दिसता कामा नये. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो, म्हणजे दोन दिवसांत कोरड्या होणाऱ्या खड्ड्यात डास होत नाहीत. डेंग्यूच्या भीतीनं खड्डा बुजवा म्हणणाऱ्याला हे नीट समजावून सांगावं लागतं.

झाडं अशी हवीत की ज्यांना चार दिवस पाय ओले चालतील आणि आठ महिने कोरडही सोसेल. मधोमध वाळा लावावा, त्याची मुळं खोल जातात आणि मातीला वाट करून देतात. कडेला कर्दळ, गवती चहा, अडुळसा. ओढ्याकाठची निर्गुडी तर आपलीच. आणि नळदुर्गच्या भिंतीची शिकवण विसरायची नाही. बागेच्या एका कडेला दगड लावून सांडवा ठेवायचा, म्हणजे मोठ्या पावसात जास्तीचं पाणी ठरवलेल्या वाटेनं नालीत जाईल, शेजाऱ्याच्या उंबऱ्यात नाही.

पाऊसबाग म्हणजे जादू नव्हे, हेही सांगायला हवं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या जुन्या गटारांची झेप होती तासाला पंचवीस मिलिमीटरची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात पावसानं वीसहून अधिक बळी घेतले. तिथं खवळला तो आंबिल ओढा, ज्याचा प्रवाह नानासाहेब पेशव्यांनी वळवला होता आणि ज्याचं पात्र पुढच्या पिढ्यांनी आवळत नेलं. चीनमधलं झेंगझोऊ हे तर स्पंज शहर, पण जुलै २०२१ मध्ये तिथं एका तासात २०१ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालं. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपुरात अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं आमच्या माढा तालुक्यात आणि मोहोळात जे केलं ते अजून ताजं आहे. नदी पात्र सोडून येते तेव्हा अंगणातली बाग काय करणार? तिथं ओढ्यांची पात्रं मोकळी हवीत, धरणांचे विसर्ग वेळेवर सांगायला हवेत, पूररेषा पाळायला हव्यात. ते सरकारचं काम आणि ते मागितलंच पाहिजे.

पण वर्षातले बहुतेक पाऊस असे नसतात. ते दहा, वीस, तीस मिलिमीटरचे असतात, आणि खालच्या आळीतल्या घरांत पाणी शिरायला तेवढेही पुरतात. त्या पावसांसाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहायला नको. शाळेचं मैदान, एसटी स्टँडचं आवार, देवळाचं आणि मशिदीचं अंगण, बाजार समितीचं पटांगण, आणि महामार्गालगतच्या हॉटेलांपुढच्या फरशीच्या मोठमोठ्या जागा. एवढ्या ठिकाणी कडेला खोलगट बागा केल्या तरी रस्त्यावरचा लोंढा कमी होईल. सुरुवात वरच्या आळीनं करायची आहे, कारण पाणी तिथून निघतं. त्रास होतो तो खालच्या आळीला, आणि उपाय वरच्या आळीच्या हातात असतो. एवढं एक मान्य झालं तर बाकीचं काम फावड्याचं आहे.

कानिटकरांनी टाकी ठेवून मोजलं, तसं आपणही मोजावं. येत्या मृगाआधी आपल्या पाइपाखाली एक पिंप ठेवा. पहिली सर संपली की झाकण उघडून बघा, आपल्या घरानं गल्लीला किती पाणी दिलं असतं ते. वाटणीपत्रात लिहिलेलं नसलं तरी ते पाणी आपलंच असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)